मेल राहतो कुठे?

मेल कुठे बघता असं विचारलं, तर लोक ‘फोनवर’ किंवा ‘ब्राउझरमध्ये’ असं चटकन सांगतात. मेल असतो कुठे, असं विचारलं की मात्र जरा थांबतात. भाचीने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा मी तिला थंडरबर्ड, म्हणजे कॉम्प्युटरवर मेल वाचायचा प्रोग्राम, टाकून देतो म्हटलं. ती म्हणाली, "मामा, जीमेल उघडलं की सगळं दिसतंच ना? मग तेच मेल दुसरीकडून कशाला बघायचे?" दिसण्यापुरतं तिचं बरोबर आहे. बटणं वेगळी, रंग वेगळे, जाहिराती कमी-जास्त, एवढंच असतं तर मीही पुढे काही बोललो नसतो. पण साताऱ्याच्या काकांच्या जुन्या कॉम्प्युटरमधून त्यांची पत्रं बाहेर काढायचं काम माझ्याकडे आलं आणि मला या फरकाकडे नीट बघावं लागलं. पत्र शेवटी कुणाच्या ताब्यात राहतं आणि ते कधी नाहीसं व्हायचं हे कोण ठरवतं, असा तो प्रश्न आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मेल पाठवायची पद्धत एकच आहे, एसएमटीपी नावाची. जॉन पोस्टेल यांनी 1982 साली ती लिहून काढली आणि आजही जगातला मेल तिच्याच आधाराने सर्व्हरपासून सर्व्हरपर्यंत, म्हणजे मेल पोचवणाऱ्या आणि साठवणाऱ्या एका कॉम्प्युटरपासून दुसऱ्यापर्यंत, जातो. खरा फाटा फुटतो तो मेल तुमच्या सर्व्हरवर येऊन पडल्यानंतर. तो वाचायचा कसा? 1984 साली पीओपी, म्हणजे पॉप ही पद्धत आली. ती इतकी साधी आहे की तिचं सगळं संभाषण एका कागदावर मावेल. तुमचा प्रोग्राम सर्व्हरला आपलं नाव सांगतो, पासवर्ड देतो, किती पत्रं आहेत ते विचारतो, एकेक मागून घेतो, घेतलेलं पुसायला सांगतो आणि निरोप घेतो. सर्व्हर प्रत्येक वाक्याला ‘ओके’ म्हणतो, नाही तर चूक झाली म्हणून सांगतो. बाकी काही नाही.

या संभाषणातली एक गोष्ट मला फार आवडते. पत्र पुसायला सांगितलं तरी सर्व्हर ते लगेच पुसत नाही, नुसती खूण करून ठेवतो. प्रोग्रामने रीतसर निरोप घेतला की मगच खुणा केलेली पत्रं जातात. मध्येच लाइन तुटली तर सगळी पत्रं जागच्या जागी, पुन्हा जोडलं की पुन्हा मिळतात. ज्या कुणी हे लिहिलं त्यांना माहीत होतं की लाइन तुटणार आहे. फोनच्या तारेवरून इंटरनेट चालवलेल्या माणसाला या एका नियमात केवढी माया आहे ते कळेल.

आपल्याकडे व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. तेव्हाचे मेलचे पत्ते ज्यांनी वापरले त्यांना ‘जियास’ने सुरू होणारी, @ नंतरची ती लांबलचक शेपटी आठवत असेल. मुंबईची वेगळी, पुण्याची वेगळी. विद्यार्थ्यांसाठी शेल अकाउंट असायचं, त्यात चित्र नाही, माउस नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, आणि पाइन नावाच्या प्रोग्राममध्ये मेल वाचायचा. मोडेमचा तो किरकिराट, मग फोन गुंतलेला, घरातलं कुणीतरी ‘झालं का रे’ म्हणून विचारणार. इंटरनेटच्या तासांचे पैसे वेगळे आणि टेलिफोनचं बिल वेगळं. अशा दिवसांत जोडलेलं राहून पत्र लिहिणं म्हणजे टॅक्सी उभी ठेवून गप्पा मारणं.

म्हणून डेस्कटॉपवरचा मेल प्रोग्राम त्या काळाला चपखल बसला. काकांच्या घरी विंडोज 98 चा कॉम्प्युटर होता आणि त्यात आउटलुक एक्स्प्रेस. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, टाइपरायटरवर हात बसलेला, त्यामुळे कीबोर्डची त्यांना भीती नव्हती. माझी चुलत बहीण, म्हणजे त्यांची मुलगी, लग्नानंतर अमेरिकेत गेली तेव्हा हा कॉम्प्युटर घरात आला. ते दुपारी लाइन बंद ठेवून लिहायला बसत. पत्र पुरं झालं की ‘सेंड’ दाबायचं, ते आउटबॉक्समध्ये जाऊन थांबायचं. दोन पत्रं, कधी तीन. रात्री जेवणं झाली की लाइन जोडायची, एका दमात थांबलेली पत्रं जायची, आलेली उतरायची, आणि प्रोग्राम आपणहून फोन ठेवून द्यायचा. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये तशी एक चौकटच होती : पाठवणं-घेणं झालं की लाइन सोड. काकांनी तिच्यावर टिकमार्क केलेली होती. उतरलेली पत्रं मग सावकाश, मीटर न पळता वाचायची.

या सगळ्याचा परिणाम पत्रांवर झालेला मला दिसतो. काकांची पत्रं लांब आहेत. त्यांत परिच्छेद आहेत, मागच्या पत्राला मुद्देसूद उत्तरं आहेत, आणि दर पावसाळ्यात ‘कोयना’ हा विषय आहे. धरणात पाणी किती टीएमसी झालं, दरवाजे किती फुटांवर, कृष्णेची पातळी काय, हे सगळं मुलीला ओहायोत कळवलेलं. ती त्याला उत्तर द्यायची, पण तिची पत्रं चार-पाच ओळींची. त्यात तिला आस्था कमी होती असं मुळीच नाही. ती सुरुवातीची काही वर्षं युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर वेबमेल, म्हणजे ब्राउझरमधला मेल, उघडून लिहायची. मागे माणसं उभी असायची.

वेबमेलचं मोठेपण इथेच आहे आणि ते मनापासून मान्य करायला हवं. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी 4 जुलै 1996 रोजी हॉटमेल सुरू केलं. दोघं नोकरीत असताना त्यांना आपल्या नव्या कल्पनांबद्दल एकमेकांशी ऑफिसच्या मेलवरून बोलणं अवघड जात होतं, आणि त्या अडचणीतून ब्राउझरमधून कुठूनही उघडता येईल असा मेल त्यांना सुचला. दीड वर्षाच्या आत, डिसेंबर 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. पण माझ्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट पैशाची नाही. त्याआधी मेलचा पत्ता हवा तर नोकरी हवी, कॉलेज हवं किंवा घरी कॉम्प्युटर, फोन आणि इंटरनेटचं कनेक्शन हवं. हॉटमेल, याहू, आपल्याकडे मुंबईहून निघालेलं रेडिफमेल, यांनी ज्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं त्याला पत्ता दिला. पुण्यात हॉस्टेलवर राहणारा मुलगा, परदेशी कॉलेजांना अर्ज करणारी मुलगी, आखातात कामाला जाणारा फिटर, यांना सायबर कॅफेतल्या प्लायवूडच्या आडोशात बसून, तासाच्या हिशेबाने पैसे मोजून, जगाशी बोलता आलं. डेस्कटॉप प्रोग्रामने हे कधीच केलं नसतं. तो गृहीतच धरतो की कॉम्प्युटर तुमचा आहे.

किंमत वेगळीकडे होती. हॉटमेलची जागा तेव्हा 2 मेगाबाइट, याहूची पुढे 4. दोन-चार फोटो आले की खोका भरला. म्हणजे जुनं पुसल्याशिवाय नवं घेता येत नाही. पत्र ठेवायचं की नाही हा निर्णय तुमच्या मनावर नसायचा, जागेवर असायचा. आणि मोफत खात्यांना आणखी एक अट असे, जी फार कमी लोक वाचत : ठरावीक काळ लॉगिन केलं नाही तर आतलं सगळं पुसलं जाईल. माझ्या बहिणीचं तेच झालं. बाळंतपण, मग घर बदललं, मग नवऱ्याच्या कंपनीने दिलेल्या इंटरनेटवर नवा पत्ता घेतला. जुन्या खात्यात पुन्हा शिरली तेव्हा पत्ता तसाच होता, आत काही नव्हतं. कुणी चोरलं नाही, कुणी बिघडवलं नाही. नियमाप्रमाणे झालं.

काका गेल्यावर तिने फोनवर विचारलं की त्यांची पत्रं मिळतील का. तिच्याकडची सगळी गेली होती, त्यांनी लिहिलेली आणि तिने लिहिलेलीसुद्धा.

काकांचा कॉम्प्युटर माळ्यावर होता. सुरू होईना, पण हार्ड डिस्क शाबूत होती. जुन्या रुंद पट्टीच्या केबलची डिस्क, ती यूएसबीला जोडायचा अडॅप्टर आणला. विंडोजच्या पोटात, महिरपी कंसांतल्या अगम्य आकड्या-अक्षरांचं नाव असलेल्या एका फोल्डरच्या आत, आणखी दोन फोल्डर उतरून गेल्यावर, आउटलुक एक्स्प्रेसच्या फाइली सापडल्या. या प्रोग्रामची रीत अशी की प्रत्येक फोल्डरची एकच फाइल. सगळा इनबॉक्स एका फाइलमध्ये, पाठवलेलं सगळं दुसऱ्या फाइलमध्ये. आजचं विंडोज त्यांना ओळखत नाही. छोटा रूपांतर करणारा प्रोग्राम वापरून त्या एमबॉक्स या जुन्या, साध्या रूपात आणल्या आणि थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ठेवल्या. यादी भरत गेली. तारखा, विषय, ‘कोयना’, ‘कोयना पुन्हा’, ‘मेतकुटाचं प्रमाण’, ‘पासपोर्टची झेरॉक्स’.

आणि दोन्ही बाजू होत्या. बहिणीची पत्रं त्यांच्या इनबॉक्समध्ये, त्यांची पत्रं त्यांच्या ‘सेंट आयटम्स’मध्ये. तिच्या बाजूची पत्रं जिथे राहिली होती तिथून गेली, आणि त्यांच्या बाजूने दोघांचीही राहिली. पॉपने पत्र घरी आणलं, सर्व्हरवरून पुसलं, आणि मग सर्व्हरवाल्याच्या कुठल्याही नियमाचा त्याच्याशी संबंध उरला नाही. काकांनी यासाठी वेगळं काहीच केलं नव्हतं. प्रोग्राम जसा आला तसा त्यांनी वापरला.

तरी यावरून डेस्कटॉप बरा आणि वेब वाईट असा निष्कर्ष मी काढणार नाही. ती डिस्क फिरली नसती तर? पावसाळ्यात माळ्यावर पाणी गळलं असतं तर? एका घरातल्या एका डिस्कवर असलेली एकुलती एक प्रत ही सुरक्षितता नव्हे. ऑफिसांत चालणाऱ्या जुन्या आउटलुकमध्ये (हे एक्स्प्रेसहून वेगळं), 2002 च्या आवृत्तीपर्यंत, मेलच्या फाइलला 2 गिगाबाइटची मर्यादा होती आणि तिथवर पोचलेली फाइल उघडेनाशी व्हायची. अनेक ऑफिसांनी हे अनुभवलं आहे. वेबवर मेल एकाहून जास्त ठिकाणी साठवलेला असतो, फालतू मेल गाळायचं काम तिथे फार चांगलं होतं, आणि दुहेरी पडताळणी लावली की खातं बऱ्यापैकी पक्कं होतं. अर्थात एकाच ठिकाणी सगळ्यांचं सगळं ठेवल्यावर फुटलं तर तेही एकदमच फुटतं. 2013 साली याहूवर जो हल्ला झाला त्यात त्यांची सगळी 300 कोटी खाती सापडली होती, आणि हा पुरा आकडा बाहेर यायला 2017 उजाडलं.

1 एप्रिल 2004 ला जीमेल आलं आणि 1 गिगाबाइट जागा देतो म्हणालं तेव्हा तारीख बघून अनेकांना ती थट्टा वाटली होती. इतरांच्या शेकडो पट जागा. पुसू नका, शोधा, असा त्यांचा एकंदर सूर होता. पुसायची सक्ती गेली हे फार चांगलं झालं. पण निवडायची सवयही तिच्याबरोबर गेली, असं मला वाटतं. काकांच्या आउटलुक एक्स्प्रेसमध्ये ‘ताई’, ‘पेन्शन’, ‘सोसायटी’ असे फोल्डर होते आणि पत्र वाचलं की ते तिथे हलवायचे. माझ्या स्वतःच्या जीमेलमध्ये आईने पाठवलेलं शेवटचं पत्र आणि विजेच्या बिलाची आठवण एकाखाली एक आहेत.

आता मधला मार्ग. आयमॅप ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी 1986 साली स्टॅनफर्डमध्ये बांधायला घेतली. हिच्यात पत्र सर्व्हरवरच राहतं आणि तुमचा प्रोग्राम त्याची प्रत दाखवतो. वाचलं, न वाचलं, कुठल्या फोल्डरमध्ये हलवलं, हे सगळं दोन्हीकडे जुळवून ठेवलं जातं. फोन, घरचा कॉम्प्युटर, ऑफिसचा लॅपटॉप अशा तीन ठिकाणी मेल बघणाऱ्याला पॉप पुरं पडणार नाही. आज थंडरबर्डमध्ये किंवा फोनमधल्या मेल ॲपमध्ये पत्ता घातला की साधारणपणे आयमॅपच लागतं.

आणि इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. लोक म्हणतात, मी थंडरबर्ड वापरतो, माझे मेल माझ्याकडे आहेत. आयमॅपवर ते तुमच्याकडे असतात ते सर्व्हरवर आहेत तोवर. तिकडे पुसलं गेलं की पुढच्या जोडणीत इकडचंही जातं, कारण दोन्हीकडे सारखं ठेवणं हेच तिचं काम. पत्र खरोखर आपल्याकडे हवं असेल तर ते उचलून ‘लोकल फोल्डर्स’मध्ये नेऊन ठेवावं लागतं. तिथे नेलं की ते काकांच्या पत्रांसारखं, सर्व्हरच्या नियमांतून सुटलेलं. भाचीला मी थंडरबर्ड टाकून दिलं ते एवढ्या एका कोपऱ्यासाठी. रोजचा मेल ती ब्राउझरमध्येच बघते आणि खुशाल बघावा.

नुसता कॉम्प्युटरवर प्रोग्राम असणं म्हणजे डेस्कटॉप मेल, हेही आता खरं राहिलेलं नाही. विंडोजमधलं साधं ‘मेल’ ॲप 31 डिसेंबर 2024 ला बंद पडलं आणि त्याच्या जागी नवं आउटलुक आलं. दिसायला तो कॉम्प्युटरवरचाच प्रोग्राम. पण त्यात तुम्ही दुसऱ्या कुठल्या कंपनीचा पत्ता घातलात, तरी तुमच्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तयार होते आणि ॲप ती दाखवतं. म्हणजे चिन्ह टास्कबारवर, पत्र आणखी एका परक्या घरी. ते जोडताना विचारतात, पण ‘पुढे’ हे बटण दाबण्याआधी मजकूर वाचणारे किती असतात?

गूगलनेही डिसेंबर 2023 पासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसायला सुरुवात केली आहे. त्यामागचं त्यांचं कारण सुरक्षिततेचं आहे आणि ते पटण्यासारखं आहे : सोडून दिलेली खाती चोरांच्या हाती लवकर लागतात. पण गेलेल्या माणसाचं खातं कोण वापरणार? त्यासाठी 2013 पासून एक सोय आहे, खातं इतके महिने शांत राहिलं तर अमक्याला कळवा आणि त्याला आतलं घेऊ द्या, असं आधीच नोंदवून ठेवायची. माझ्या ओळखीत फार थोड्यांनी ती भरली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचं खातं लावून देताना ही नोंद त्यांच्याच हाताने करून घ्यावी, असं मी सगळ्यांना आवर्जून सांगतो. बँकेत नॉमिनीचं नाव आपण विसरत नाही. आणि वर्षातून एकदा गूगल टेकआउट या त्यांच्याच सोयीतून सगळा मेल उतरवून घेतला तर तो एमबॉक्समध्येच मिळतो, म्हणजे काकांची पत्रं मी ज्या रूपात आणली त्याच रूपात. ही फाइल थंडरबर्डसारख्या प्रोग्राममध्ये कधीही वाचता येते. कंपनी राहो न राहो, अक्षरं वाचता येतात.

निदान, अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी ठरलेल्या सामाईक पद्धतीत, असतील तर. काकांनी पहिली दोन-तीन वर्षं रोमन लिपीत मराठी लिहिलं, ती पत्रं आज विनासायास वाचता येतात. मग कुणीतरी त्यांना शिवाजी फॉन्ट टाकून दिला. त्यांना फार आनंद झाला असणार, कारण तिथून पत्रं आणखी लांब होतात. पण त्या काळच्या अशा फॉन्टची युक्ती अशी होती की कॉम्प्युटरला आपण इंग्रजी अक्षरंच लिहितोय असं वाटायचं, फक्त त्या अक्षरांवर देवनागरीचे आकार चढवलेले. समोरच्याकडे तोच फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर बहीण फॉन्ट कसा टाकणार? तो कॉम्प्युटर तिचा नव्हता. तिच्या एका उत्तरात रोमन लिपीत आहे, "बाबा, मागची तीन पत्रं वाचता आली नाहीत, पण ठेवली आहेत. घरचा कॉम्प्युटर घेतला की फॉन्ट टाकून वाचीन." कॉम्प्युटर घेईपर्यंत ते खातं रिकामं झालं होतं. ती पत्रं तिने वाचलेलीच नाहीत.

ती आता माझ्याकडे आहेत. फॉन्ट बदलून देणारी साधनं नेटवर मिळतात, त्यांनी बरंचसं काम होतं, पण जोडाक्षरं फसतात, वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते, आणि ‘पुण्याच्या’ नीट येतं तर ‘साताऱ्याच्या’ मोडतं. म्हणून मूळ मजकूर शिवाजी फॉन्टमध्ये एका बाजूला उघडून, दुसऱ्या बाजूला एकेक ओळ हाताने दुरुस्त करतो. झालेली पत्रं रविवारी बहिणीला पाठवतो. गेल्या आठवड्याचं पत्र कोयनेच्या वक्र दरवाज्यांबद्दल होतं, ते कधी आणि किती उघडतात याचं दोन पानी स्पष्टीकरण. तिने उलट विचारलं आहे की त्यात ‘पायथा विद्युतगृह’ असा जो उल्लेख आहे तो नेमका कशाचा. त्याचं उत्तर पुढच्या कुठल्यातरी पत्रात असेल असं वाटतं, कारण काका अर्धवट सोडणारे नव्हते.